बोळिंज ते किल्ला, किल्ट नेसून

वसईचा किल्ला बघायला लोक कुठून कुठून येतात. मी बोळिंजमध्ये अकरा वर्षं राहतो. रिक्षा आणि बस धरून गेलं तर घरापासून किल्ला दीड तासावर. मला पोचायला दोन दिवस लागले, कारण मला तिथे किल्ट नेसून जायचं होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घोळदार पोशाख. पुढून सपाट, मागे भरपूर चुण्या, कमरेला पट्टे. शाळेत असताना नाशिकला एका परेडमध्ये लष्कराचं बॅगपाइपवालं पथक पाहिलं होतं. बाकीची पोरं बाजाकडे बघत होती आणि मी त्या माणसांच्या चालण्याकडे. पाऊल टाकलं की मागचा घोळ एका लयीत हलायचा. इतका रुबाबदार पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. गोष्ट एवढीच. यामागे दुसरं कारण नाही, आणि हीच माझी अडचण होती. कारण असलं की लोक समजून घेतात.

मी एकोणपन्नास वर्षांचा, अविवाहित, अंधेरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आई-वडील गेले. नात्यातली म्हणावी अशी एकच, नाशिकची नंदाताई. ती दर रविवारी फोन करते.

किल्ट मी विरारमध्येच शिवून घेतला. कापड शाळेच्या गणवेशाच्या दुकानातलं, गडद हिरवं, निळ्या चौकड्यांचं. दुकानदाराने विचारलं, "मुलगी कितवीत आहे?" मी "आठवीत" म्हणालो. शिवायला अन्वर मास्टरांकडे गेलो तेव्हा मात्र थाप चालणार नव्हती, माप माझंच द्यायचं होतं. मी मोठ्या कागदावर रीतसर ड्रॉइंग करून नेलं होतं. पुढचा भाग, मागचा भाग, प्रत्येक चुणीची रुंदी. मास्टर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"ये किसके लिए?"

"मेरे लिए."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. "ड्रॉइंग एक नंबर है. कपडा कम पडेगा. दो मीटर और लाना."

शिवून आल्यावर तो आठ महिने कपाटात होता. म्हणजे अगदी कपाटातच नाही. ऑफिसातून आल्यावर पडदे ओढून मी तो नेसायचो आणि पोळ्या लाटायचो. मागून कसा दिसतो ते कळायला मार्ग नव्हता. फोन फ्रिजवर टेकवून, दहा सेकंदांचा टायमर लावून, पाठमोरा उभा राहून फोटो काढायचो. जानेवारीत एका संध्याकाळी असाच उभा होतो आणि दाराची बेल वाजली. मी श्वास रोखून स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो, बेल थांबेपर्यंत. नंतर दार उघडलं तर कडीला कुणीतरी तिळगुळाची पुडी अडकवून गेलं होतं. ती पुडी हातात घेऊन मी ठरवलं, पुरे आता. पुढच्या शनिवारी-रविवारी बाहेर पडायचं.

ओळखीच्यांसमोर सुरुवात करायची हिंमत नव्हती. म्हणून बेत असा: शनिवारी पँट घालून गिरीजला जायचं, मुक्काम करायचा, आणि रविवारी सकाळी तिथून किल्ट नेसून किल्ल्यापर्यंत चालत.

शनिवार

बोळिंजहून शेअर रिक्षाने सोपारा, तिथून बसने निर्मळ. निर्मळच्या तळ्यापाशी उतरलो आणि पुढे गिरीजपर्यंत चालत गेलो. हा रस्ता तुम्हीही चालतच करा. वाहनं कमी नाहीत, पण मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलात की दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, मधेच सोनचाफा, पाटातून वाहणारं पाणी. वळणावर पांढरा क्रूस, त्याच्यापुढे ताजा हार. सावली इतकी की जानेवारीत दुपारीही घाम येत नाही. सोबत पाण्याची बाटली ठेवा, आतल्या वाटेवर दुकानं नाहीत. मला दोन तास लागले. पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात जड वस्तू किल्ट होती. सात मीटर कापड काही थोडं नसतं.

गिरीजला इंटरनेटवरून एक खोली ठरवली होती. वाडीच्या टोकाला, दोन वेळच्या जेवणासकट, खिशाला परवडणारी. मालक वामनकाका, सत्तरीचे, अजून स्वतः केळीला पाणी लावणारे. त्यांच्या पत्नी सुलभाकाकी. ओसरीवर चढलो तर काकींनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"बाकीचे मागून येतायत का?"

"नाही, मी एकटाच."

"असं होय. खोली मोठी आहे म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या आणि ओसरीवर मांडलेल्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलून आत घेऊन गेल्या.

संध्याकाळी खोलीचं दार लावून किल्ट नेसला. पट्टे आवळले, पायात लांब मोजे चढवले. आणि दाराच्या आत वीस मिनिटं उभा राहिलो. बाहेर काकी वालपापडीच्या शेंगा मोडत होत्या, त्याचा कट-कट आवाज येत होता. शेवटी त्यांनीच हाक मारली, "चहा गार होतोय हो!" तेव्हा कडी काढली.

काकींचे हात थांबले. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, मग "वळा बघू" म्हणाल्या. मी वळलो.

"अगंबाई! निऱ्या मागे आल्यात तुमच्या. उलटं नेसलंत."

"नाही काकी, याच्या मागेच असतात."

"मागे? मग बसता कसे? चुरगळत नाहीत?"

हा प्रश्न मला घरात कधी पडलाच नव्हता, कारण घरात मी उभाच असायचो. मी बसून दाखवलं. खुर्चीवर धपकन बसलो आणि मागचा घोळ गोळा होऊन पाठीशी आला. काकी उठल्या, हात पदराला पुसले. "असं नाही. बसताना उजवा हात मागून खाली फिरवायचा. मग टेकायचं. परकरात आम्ही नाही का बसत? करा बघू." मी तीन वेळा उठलो-बसलो. तिसऱ्यांदा जमलं. किल्ट नेसणाऱ्या वाचकांसाठी यापेक्षा उपयोगाची दुसरी सूचना माझ्याकडे नाही.

वामनकाका केळीतून चिखलाच्या पायांनी आले, अर्ध्या पंचात. माझ्याकडे बघून त्यांनी आधी चूळ भरली.

"हे कशासाठी? नाटक आहे का?"

"हो," मी म्हणालो. "नाटकात काम आहे."

"अरे वा. कुणाचं काम?"

"सैनिकाचं."

काकींचा चेहरा खुलला. "मग म्हणून दाखवा की दोन वाक्यं!"

मी म्हणालो, माझं पात्र बोलत नाही. नुसतं उभं असतं. काका हसले, म्हणाले, "सोपं काम आहे." काकी हसल्या नाहीत. जेवताना उकडहंडी होती. मडक्यात कोनफळ, रताळी आणि वालपापडी एकत्र शिजवलेली, हिवाळ्यात इकडे आलात तर ती मागून खाच. काकींनी मला तीन वेळा वाढलं आणि नाटकाचं नाव परत काढलं नाही. काकी, हे वाचत असाल तर सांगतो. नाटक नव्हतं. माफ करा.

अंधार पडायच्या आधी काकांनी विहिरीपाशी माझा एक फोटो काढला. माझ्या फोनमधला माझा हा पहिला फोटो, जो मी टायमर लावून काढलेला नव्हता. चांगला आला होता. मला तो कुणाला तरी पाठवावासा वाटला. फोनमधली नावं वर-खाली केली. प्लंबर, गॅसवाला, सोसायटीचा ग्रुप, साहेब, इन्शुरन्सवाल्या बाई. नंदाताईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

रविवार

सकाळी साडेसहाला ताईचा फोन आला. एरवी ती अकराला करते.

"दिलीप, तू कुठे आहेस?"

"गिरीजला. फिरायला आलोय."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

ताईने माझाच शब्द परत म्हणून पाहिला. मग म्हणाली, "तो फोटो कसला पाठवलास? मला रात्रभर झोप नाही. हे बघ, खरं सांग. बरं आहे ना तुझं?"

"बरं आहे ताई. मला आवडतो तो पोशाख."

"आवडतो म्हणजे? अरे, एकटं राहून राहून माणसाचं डोकं फिरतं. आमच्या गल्लीत एक होते, शेवटी शेवटी भिंतीशी बोलायचे. तू कुणाला तरी दाखवून घे. मी येऊ का तिकडे?"

ताई रडायच्या बेतात होती. ती रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, "येऊ नकोस. मी ठीक आहे." ती म्हणाली, "तो फोटो मी पुसून टाकलाय. जावयांच्या हाती फोन असतो माझा. तूही टाक."

फोन ठेवल्यावर मी कॉटवर बसून राहिलो. एका बाजूला पँट, एका बाजूला किल्ट. मला एक शंका आली आणि ती प्रामाणिकपणे लिहितो: ताईचं बरोबर तर नसेल? ज्याला घरी विचारणारं कुणी आहे, तो माणूस असं काही करेल का? बायको असती तर तिने पहिल्याच दिवशी "सोडा ते" म्हटलं असतं, आणि मी सोडलं असतं. बाहेर काका पंप चालू करत होते. मी किल्ट नेसला. धैर्य वगैरे नव्हतं ते. पँट घालून परत बोळिंजला जायचं, या विचाराने जास्त भीती वाटली.

निघताना काकींनी केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधलेली सुकेळी दिली, वाळवलेली राजेळी केळी. "चालताना खा," म्हणाल्या.

गिरीजहून वसई गावात जायला पाऊण-एक तास पुरतो. मी एक गोष्ट विसरलो होतो. रविवार होता. वाटेतल्या चर्चमधला मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, नुकताच सुटला होता आणि सगळा गाव ठेवणीतले कपडे घालून समोरून येत होता. इस्त्रीचे शर्ट, नव्या साड्या, केसांना पिना लावलेल्या मुली. रस्ता अरुंद, बाजूला व्हायला जागा नाही. मी मान ताठ ठेवून चालत राहिलो. बोलणं माझ्या दहा पावलं पुढे बंद पडायचं आणि दहा पावलं मागे परत सुरू व्हायचं. एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं, आईने तिचा हात ओढला. एक सुटातले गृहस्थ थांबले आणि अदबीने म्हणाले, "शूटिंग किल्ल्यात आहे का आज?"

"हो," मी म्हणालो. दोन दिवसांतली दुसरी थाप.

पारनाक्याजवळ एका हॉटेलात ऑम्लेट-पाव खाल्ला. बाकावर टेकताना हात मागून खाली फिरवला. बरोबर जमलं. वेटरने पाण्याचा पेला ठेवताना खाली पाहिलं, मग वर, मग "चहा?" एवढंच. किल्टमध्ये खिसे नसतात हे मला तिथे पैसे देताना उमगलं. कमरेला छोटी पिशवी बांधा.

किल्ल्यात शिरलो तेव्हा साडेदहा झाले होते. तिकीट नाही, रस्ता थेट आत जातो, झाडं खूप. छप्पर उडालेल्या एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या आत गवत. मी नुकताच त्या कमानीपाशी पोचलो आणि मागून शिट्टी आली. तीन बाइक, सहा-सात जण, विशीतले.

"ओ अंकल! कुठली शाळा?"

"भाई, रील बनाव, रील बनाव!"

"काकू मागून भारी दिसतात रे!"

दोघांनी फोन काढले. एक जण माझ्या मागे मागे माझी नक्कल करत चालायला लागला, कंबर हलवत. मला थांबून काहीतरी बोलायचं होतं. माझी पावलंच थांबेनात. मी चालत किल्ल्याबाहेर आलो, जवळजवळ पळतच, आणि दिसेल त्या पहिल्या गल्लीत वळलो. पँट पिशवीत होती. बदलायला फक्त एक भिंत हवी होती.

गल्लीच्या टोकाला ख्रिस्ती कबरस्तान लागलं. फाटक उघडं, आत कुणी दिसत नव्हतं. मी एका भिंतीमागे गेलो, पिशवी उघडली, पँट बाहेर काढली.

"ए बाबा! जरा इकडे ये."

पंचाहत्तरीची एक बाई दोन कबरींच्या मधे उकिडवी बसली होती. लाल चौकड्यांचं लुगडं, कोळणी नेसतात तसं आखूड. हातात घासायला नारळाचं सोडण, काथ्याचा चोथा. "ती बादली उचल. नळ तिथं हाय. मला भरलेली उचलवत नाय."

मी पँट पिशवीत कोंबली आणि बादली उचलली. तीन खेपा केल्या. ती दगड घासत होती, मी पाणी ओतत होतो. वर्षश्राद्धाचा मिस्सा परवा होता, त्याआधी नवऱ्याची कबर धुवायला ती आली होती. तिचं नाव फिलोमिना. तिसऱ्या खेपेला पाणी सांडून माझा किल्ट पुढून भिजला, तेव्हा पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ह्ये काय नेसलंस?"

"किल्ट म्हणतात."

"कुठली पद्धत?"

"स्कॉटलंडची."

"तू तिथला?"

"नाही. नाशिककडचा."

"मंग?"

नाटक, शूटिंग, सगळं जिभेवर आलं होतं. समोर ओली कबर होती. मी म्हणालो, "मला आवडतं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि परत घासायला लागली. बऱ्याच वेळाने आपणहून बोलली, "माजी सून बोलते, लुगडं सोड, गाऊन घाल. आमच्या गल्लीत आता मीच एकली नेसते. ती किल्ल्याला येनारी लोकं, मोबाइल काढून हुभी ऱ्हातात. विचारत पन नाय."

"मग तुम्ही काय करता?"

"मी काय करनार? मला बाजारात जायचं असतं." तिने सोडण पिळलं. "तुज्या घरी कोन हाय?"

"कोणी नाही."

"माज्या पन नाय. पोरगा वसई रोडला फ्लॅटमधी." मग माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "तो पट्टा ढिला झालाय. घट्ट कर, नायतर पडंल."

मी पट्टा एक भोक पुढे आवळला. तिला घरापर्यंत सोडू का विचारलं. ती म्हणाली, "नको, मी बसते जरा ह्याच्याजवळ." काकींनी दिलेली सुकेळी तिला दिली. तिने दोन ठेवून घेतली, बाकीची परत केली.

मी पुन्हा किल्ल्यात गेलो. ती पोरं तिथेच कमानीखाली वेफर्स खात बसली होती. परत फोन वर झाले. या वेळी मी थेट त्यांच्याकडे चालत गेलो. जो माझी नक्कल करत होता त्याच्यासमोर मी माझा फोन धरला.

"काढतोयस तर माझ्या फोनवर पण एक काढ. माझ्याबरोबर फोटो काढायला कुणी नाही."

तो गोंधळला. उठून उभा राहिला, हात जीन्सला पुसले. त्याने पाच फोटो काढले. तिसऱ्याला म्हणाला, "सर, थोडं डावीकडे. ऊन येतंय तोंडावर." फोन परत देताना त्याने विचारलं, "गरम नाही होत यात?"

"होतं," मी म्हणालो.

मी वळून थोडा पुढे गेलो तेव्हा मागे पुन्हा हशा पिकला. तो माझ्यावरच असेल. समुद्राच्या बाजूच्या दरवाजापर्यंत गेलो, खाडीचा वारा येत होता, मागचा घोळ हलत होता. कसा हलत होता ते मला दिसत नव्हतं, पण पायांना कळत होतं. तासभर उभा राहिलो.

घरी

परतीला वसई गावातून स्टेशनची बस, मग दोन रिक्षा बदलून बोळिंज. शेअर रिक्षात मधली जागा मिळाली तर किल्ट नेसून बसणं अवघड, कडेची मागा. शेजारच्या बाईंनी आपली पर्स आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि शेवटपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. वही पुढे केली. "कोणाकडे?"

"चारशे दोन."

"तिथं बंदच असतं, साहेब. कोणी नसतं."

"मी राहतो तिथे. अकरा वर्षं."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. हाच वॉचमन सहा वर्षं मला रोज सकाळी जाताना बघतो. तो ओशाळला, वही बंद केली. मला राग नाही आला. वर येऊन दार उघडलं, दिवा लावला, किल्ट वाळत घातला.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. कुणी विचारलंच, की काय मिळालं, तर थोडं सांगता येईल. मी दर रविवारी किल्ट नेसून बाजारात जातो. पहिले तीन रविवार दुकानं उघडताच जाऊन यायचो, आता गर्दीतच जातो. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी माझा फोटो टाकला, खाली हसण्याची चित्रं, दुसऱ्या दिवशी विषय संपला. ताईचा फोन रविवारी अकराला येतो. ती जेवणाचं विचारते, रक्तदाबाचं विचारते, त्या पोशाखाबद्दल अवाक्षर काढत नाही. मीही काढत नाही. पूर्वी आम्ही अर्धा तास बोलायचो, आता दहा मिनिटं. हे नुकसान मी धरूनच चाललोय, ते भरून येईल असं वाटत नाही.

आणि मला वाटलं होतं की भीती गेली की एकटेपणाही जाईल, दोन्ही एकच आहेत. ते तसं नाही. पडदे आता उघडे असतात, पोळ्या मात्र तीनच लाटतो.

मागच्या रविवारी पिशवी घेऊन निघालो तर समोरच्या दारातल्या बाई केर काढत होत्या. मी इथे राहायला आलो तेव्हापासून त्या समोर राहतात, पण त्यांचं नाव मला दारावरच्या पाटीवरून माहीत. त्यांनी किल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाजारात का?"

"हो."

"कोथिंबिरीची एक जुडी आणाल?"

बोळिंजमध्ये आजवर मला कुणी काही आणायला सांगितलं नव्हतं. कोथिंबीर कशी बघून घ्यायची ते मला नीट ठाऊक नाही. मी तीन गाड्यांवर हिंडलो, भाजीवालीला दोनदा विचारलं, आणि सगळ्यात हिरवी जुडी देठांकडून ओल्या कागदात गुंडाळून घेतली. मग उन्हात सुकू नये म्हणून घरापर्यंत रिक्षा केली.